सगळ्यात आधी पिकलेली ओळ

२ नोव्हें., रवि., आरमोरी
दिघोरे सर गेले. सकाळी धान संशोधन केंद्रातून फोन. मोठे शास्त्रज्ञ म्हणून पेपरात चार ओळी येतील. संध्याकाळी पाचला पँट गुडघ्यापर्यंत दुमडून केंद्राच्या खळ्यावर आम्हां पोरींना कबड्डी शिकवायचे, ते येईल न येईल. "पाय धर, केस काय धरतेस!" आज आश्रमशाळेत मी तेच वाक्य ओरडते.
पुढच्या रविवारी शोकसभा. "मॅडम, जुन्या कॅप्टन म्हणून तुम्हीच बोला." हो म्हटलं.

३ नोव्हें.
लिहूनच टाकते. तेवीस वर्षांत इथेही लिहिलं नाही.
जिल्ह्याच्या फायनलच्या आदल्या दिवशी सरांच्या वाफ्यातलं धान मी कापलं. गावदेवीला, मातामायला वाहायला. आमच्याकडे पहिलं पिकलेलं धान मायचं. म्हणून सगळे बांध फिरले, सगळ्यात आधी पिवळी पडलेली ओळ शोधली. एकच होती. अख्खी कापली, मायपुढे हात आखडता कशाला घ्या.
नंतर कळलं, सर कित्येक वर्षं नेमकी तीच ओळ शोधत होते. बोडीचं, शेताजवळच्या लहान तळ्याचं, पाणी आटायच्या आत हाती येणारं धान. बियाणं तेवढंच.
फायनल जिंकलो.

४ नोव्हें.
आळ आला केंद्राच्या राखणदारावर, डोमाभाऊवर. झोपला असेल, नाहीतर विकलं असेल, असं तेव्हाचे मोठे साहेब म्हणाले. रोजंदारीचा माणूस, उद्यापासून येऊ नको म्हटलं की संपलं.
सरांनी आम्हांला एकदाच विचारलं, "कुणी पाहिलं का?" नाही म्हणून मान हलवली ती सगळ्यात आधी मी. रेषेबाहेर पाय पडला की पंचाने पाहो न पाहो, आपण होऊन हात वर करायचा, हा सरांचा नियम. मैदानावर मी तो कधी मोडला नाही.

६ नोव्हें.
अर्धी रजा टाकून नागभीडकडे, डोमाभाऊंच्या गावी. अंगणात जाळं सांधत बसले होते. लगेच ओळखलं.
"कॅप्टन ना तू? बस बाई."
चहा झाला. सरांचं निघालं. "देवमाणूस होते. मले कधी चोर नाई म्हणलं त्याइनं. पण गावातले अजून म्हणतेत. माह्या पोरीच्या सोयरिकीत बी थेच निघालं."
मी तोंड उघडलं. निघालं काय, तर "रविवारी सभेले चला भाऊ, मी घ्याले येईन."
निघताना त्यांनी तलावाचे मासे बांधून दिले. घेतले. शिजवून खाल्लेसुद्धा.

८ नोव्हें.
भाषणं दोन लिहिली. एकात कबुली आहे, एकात नाही. दोन्ही पर्समध्ये. वा रे कॅप्टन.

९ नोव्हें., रवि.
बसमध्ये दीड तास डोमाभाऊंच्या शेजारी बसून गेले. बोलले धानाच्या भावाबद्दल.
सभेत मात्र सांगितलं. माइकवर, त्यांचं नाव घेऊन. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. केंद्राचे साहेब म्हणाले, "काय हिंमत, मॅडम." सरांच्या मुलीने जवळ घेतलं. दोन मिनिटं मला बरं वाटलं. ह्याची लाज धान कापल्यापेक्षा जास्त वाटते.
डोमाभाऊ जेवण न घेता रस्त्याकडे निघाले. धावले मागे.
"भाऊ, चुकलं माह्यं."
"गुरुवारी माह्या घरी आल्ते ना तुमी, मॅडम. च्या पेला. आज बसमंदी बी आपण दोघंच होतो."
अहोजाहो. तेवीस वर्षांत पहिल्यांदा.
"हिंमत नाई झाली, भाऊ."
"अन् एवढ्या लोकाइसमोर झाली?"
बस आली. मी पायरीवर पाय ठेवला तर म्हणाले, "राहू द्या. मी जातो."

१० नोव्हें., आरमोरी बस स्टँड
किरकोळ रजा. रात्रभर ठरवलं, डोमाभाऊंकडे जायचं. जाऊन नवं सांगण्यासारखं काही उरलं नाही, जे होतं ते गावभर वाटून आले. तरी.
मघाशी फोन केला. त्यांच्या सुनेने उचलला. मागून डोमाभाऊंचा आवाज आला, कोण हाय म्हणून. तिने माझं नाव सांगितलं.
"बाबा घरी नाई म्हणतेत," ती म्हणाली.
नागभीडची गाडी लागली आहे. चढते.