सासूबाईंच्या फोटोला धार

सोमवार, ३ नोव्हेंबर
आईंचं वर्षश्राद्ध १६ तारखेला, रविवारी. भिंतीवर अजून फोटो नाही. कोणी फोटो काढायला लागलं की आई पदर तोंडावर घ्यायच्या. त्यामुळे सबंध आयुष्यात एकच फोटो. गावी कोनला, पुतण्याच्या हळदीत काढलेला. एकतीस माणसं, आई मागच्या रांगेत, चेहरा मसुराच्या दाण्याएवढा आणि हललेला.
तलावापाशी उदयसिंहांच्या स्टुडिओत विचारलं. म्हणाले, "काकू, यात चेहरा नाहीच. बनवावा लागेल. अठराशे होतील." ज्या चेहऱ्याने बावीस वर्षं माझ्या आमटीत मीठ कमी काढलं, तो मला बनवता येणार नाही? असं मनात म्हटलं. तोंडाने "कळवते" म्हटलं.
लेकीने, मनस्वीने, मोबाईलवर एआयचं अ‍ॅप टाकून दिलं. पुसट फोटोला धार लावतं. रोज पाच फोटो फुकट, सहाव्याला पैसे. पाचच करायचे. मला लोभ नाही.
संकल्प: १० तारखेपर्यंत फोटो तयार.

मंगळवार, ४ नोव्हेंबर
पूजा, आरती, मग अ‍ॅप. पहिल्याच फटक्यात चेहरा आला! मात्र गोरापान, गुळगुळीत, वय तीस. हनुवटीवरचं गोंदण डाग समजून पुसून टाकलं.
ह्यांना दाखवला. "कोण ही?"
तुमची आई, म्हटलं.
"माझी आई बातम्या देत नव्हती," म्हणाले आणि तळोज्याची बस पकडायला गेले. कंपनीत माणूस रुक्ष होतो.
मनस्वीचं म्हणणं, "आई, प्लास्टिक झालंय ते. नॅचरल टेक्सचर वाढव." टेक्सचर म्हणजे कातडीचा पोत. सुरकुत्या, छिद्रं वगैरे. वाढवू. त्यात काय.

बुधवार, ५ नोव्हेंबर, दुपारी २
पोताची पट्टी शंभरपर्यंत नेली. अर्धवट काम मला जमत नाही.
आईंचं कारलं झालं. गोंदणाचे तीन ठिपके परत आले, पण त्यांना केस फुटले.
कोणी बघायच्या आत डिलीट केला. देवापुढे दिवा लावून क्षमा मागितली. चूक मशीनची, पण मागायला काय जातं.

शनिवार, ८ नोव्हेंबर, संकष्टी
उपासाला डोकं स्वच्छ चालतं. पट्टी चाळीसवर, एकाग्रतेने पाच फोटो. पाच वेगवेगळ्या बायका. एक तर हुबेहूब आमची भाजीवाली. ती वाईट नव्हती, पण नात्यात बसत नाही.
चंद्रोदयानंतर जेवताना हे म्हणाले, "आईचा आवाज अजून येतो गं कानात. चेहरा मात्र रोज थोडा पुसट होतोय. सकाळी ड्युटीला निघताना बघायला हवा होता." मग मोदक एकच घेतला. नेहमी सात घेतात.
आता माघार नाही.

सोमवार, १० नोव्हेंबर
फोटो तयार नाही. संकल्प मोडला नाही, १३ तारखेवर गेला.
पण आज गणपतीने वाट दाखवली. अ‍ॅपमध्ये खाली एक बटण आहे. 'त्याच व्यक्तीचा स्पष्ट फोटो जोडा, नैसर्गिक पोत अचूक येईल.' आईंचा स्पष्ट फोटो असता तर हा खटाटोप कशाला केला असता? इतकी साधी गोष्ट मशीनला कळत नाही.
मग आठवलं. भामावन्सं! ह्यांच्या मोठ्या बहीण, कोनलाच दिलेल्या. सगळं गाव म्हणतं, भामा म्हणजे सोनाबाईची झेरॉक्स. माझ्याकडे त्यांचा हळदीकुंकवाचा फोटो आहे, लख्ख उजेडातला. रक्त एकच, पोत एकच. मशीनला जास्त सांगत बसायची गरज नाही. वन्संनाही नाही.

मंगळवार, ११ नोव्हेंबर
जमलं!!!
कातडी कशी जिवंत! एकेक सुरकुती मोजून घ्यावी. उजव्या गालावर तीळ. बावीस वर्षांत माझ्या लक्षात आला नव्हता. म्हणून तर मशीन लागतं. नाकावर चष्म्याची खूण आहे. आईंना चष्मा नव्हता, पण पुढेमागे लागलाच असता.
मनस्वी म्हणाली, "आई, ही भामाआत्या आहे."
आत्या आजीसारखी दिसते म्हणून तुला तसं वाटतं, असं समजावलं. परीक्षेच्या अभ्यासाने पोरीच्या डोळ्यांवर ताण आलाय.
हे बराच वेळ बघत राहिले. "ओळखीची वाटते," म्हणाले.
आणखी काय हवं?

गुरुवार, १३ नोव्हेंबर
उदयसिंहांकडून प्रिंट आणि फ्रेम. "काकू, फोकस एकदम कडक आलाय." मी म्हटलं, घरी केला. बिचाऱ्यांचा चेहरा पडला असेल. नीट दिसला नाही, दुसरं गिऱ्हाईक होतं.
चंदनाचा हार घेतला. सुकत नाही.

शनिवार, १५ नोव्हेंबर, एकादशी
फोटो लावला. हार, गंध, उदबत्ती. घरात कोणी नव्हतं म्हणून आईंशी बोलत बसले. मन हलकं झालं. वन्सं आपला पितळेचा मोठा टोप नेऊन चार वर्षं झाली, परत द्यायचं नाव नाही, हेही सांगितलं. आईंचा चेहरा जरा गंभीर झाल्यासारखा वाटला. एवढा जिवंत पोत!

रविवार, १६ नोव्हेंबर, रात्री
थोडक्यात लिहिते.
गुरुजी आले, भावकी आली. सगळे फोटोला नमस्कार करून मागे सरकत होते आणि तोंडाला रुमाल लावत होते. गहिवरले असतील असं वाटलं. मग वन्सं आल्या. चपला काढल्या, पदर सावरला, वर बघितलं आणि हात जोडायच्या ते राहिल्या.
"अगो वयनी! मी अजून जित्ती हाय गो!"
गुरुजींनी वन्संकडे बघितलं, फोटोकडे बघितलं, आणि ह्यांना विचारलं, "यजमान, श्राद्ध नक्की कोणाचं?"
मी म्हटलं, जिवंत माणसाच्या फोटोला हार घातला की आयुष्य वाढतं. वन्सं म्हणाल्या, "मंग आदी तुज्या घाल." भावकी इतका वेळ हसू दाबून होती, ती फुटली. वन्संनी स्टुलावर चढून स्वतःच्या हाताने हार काढला. "आनी माजी आय कुटं हाय?"
हे उठले. कपाटातून तो हळदीचा छोटा फोटो आणला, पाटावर नारळाला टेकवून ठेवला. सगळे ओणवे झाले. एकतीस माणसं, कोणाला काही सापडेना. वन्संनीच बोट ठेवलं.
"ती बग, मागं. पदर तोंडावर न्यायला गेली, आनी फोटू निगाला. आयच ती."
"हो," हे म्हणाले. "हात असाच न्यायची." मग उपरण्याने डोळे पुसले. वन्संनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.
माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. धूप जास्त झाला होता.
जाताना वन्सं फ्रेम मागून घेऊन गेल्या. "येवढा बरा फोटू माजा कंदी निगाला नाय. पोरास्नी सांगून ठेवते, माज्या टायमाला ह्योच लावा." म्हणजे काम कोणाच्या तरी उपयोगी पडलं. टोपाचा विषय आज काढला नाही.

मंगळवार, १८ नोव्हेंबर
एकतीस माणसांचा फोटो आहे तसा भिंतीवर लागला. ह्यांनीच लावला. सकाळी बूट घालून त्याच्यापुढे उभे राहिले, मागच्या रांगेत बोट फिरवत आईंना शोधलं, आणि कंपनीची बस चुकवली. वीस वर्षांत प्रथमच.
मी म्हटलं, तेवढा एक चेहरा कापून, अगदी हलकी धार, दहाच्या वर नाही—
"दमयंती," म्हणाले, "राहू दे."
पूर्ण नावाने हाक लग्नानंतर पहिल्यांदाच.
दुपारी अ‍ॅप काढायला घेतलं. ते सहजासहजी जात नाही. का सोडून जाताय, विचारतं. महाग वाटतं? वापरायला कठीण? निकाल आवडला नाही? तिन्ही खोटं. शेवटी होतं 'इतर कारण', आणि लिहायला जागा.
लिहिलं, 'नणंद जिवंत आहे.'
सबमिट केलं.