जो बसलाच नाही

अमरावती, मंगळवार, १२ जुलै २००५

आजचं गिऱ्हाईक मला काही पटलं नाही. मूर्तिजापूरकडचा शेतकरी, माझी जुनी फटफटी पाहायला आला होता. म्हणे, "काका, लहानपणापासून शौक हाय मले या गाडीचा." शौक? मग बसला का नाही? दुसऱ्याच किकला गाडी सुरू झाली, तर हा खाली वाकून नुसतं इंजिन ऐकत राहिला. टाकीवरून हातसुद्धा फिरवला नाही. मी हिच्यावरून अचलपूरला जायचो तेव्हा चहाच्या टपरीवर अनोळखी माणसं विचारायची, "भाऊ, जरासं बसून पाहू का?" आणि मी 'बस' म्हणत असूनही हा बसला नाही!

मला कळतं सारं. बैल विकून बसलेले लोक तिकडं जुन्या फटफट्यांची इंजिनं काढून डवरणीचे, म्हणजे पिकातलं तण काढायचे, गाडे बनवून राहिले. म्हणजे माझी गाडी कपाशीच्या तासांतून धूर ओकत फिरणार? नाही विकायची म्हणून सांगितलं. तोही मुकाट्यानं गेला. मुकाट्यानं का गेला? चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

जेवताना बायकोला म्हटलं, बसला नाही म्हणजे शौकीन नव्हताच तो.

पोळी वाढता वाढता ती म्हणाली, "अन् तुमी? दर आयतवारी किक मारता, आवाज आयकता अन् झाकून ठेवता. तुमी कवा बसले?"

गुडघा दुखतो, असं म्हणणार होतो. पण किक त्याच गुडघ्यानं मारतो.