बाहेरची कडी

४ सप्टेंबर

त्याला घरात घेतलं. घेतलं म्हणजे घेतलंच! सकाळी बॅग घेऊन दारात उभा राहिला आणि मी नव्या भाडेकरूला दाखवावी तशी त्याला मागची खोली दाखवली. हा पंखा, ही खुंटी, खिडकी जरा जोरात ओढावी लागते.

घटस्फोट झालेल्या नवऱ्याला अकरा वर्षांनी परत आणणारी बाई शहाणी की खुळी? दादाला कळलं की तो सांगेलच. अजून त्याच्या कानावर घातलेलं नाही.

६ सप्टेंबर

मनात अजून त्याला 'पलटण'च म्हणते. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात ठेवलेलं नाव. तेव्हा नवा नवा फौजेत होता, आणि एकटा जिना चढला तरी पाच-सहा जण चढताहेत असं वाटायचं. आता फौज सुटली आणि पावलं हलकी झालीत. हे जास्त वाईट! घरात तो नेमका कुठे आहे ते कळत नाही. पाठीमागून 'चहा आहे का' असं आलं की माझ्या हातातलं खाली पडतं.

सगळं घडलं दातांपायी. डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात कवळी पोचवायला गेले होते, तर हा बाकावर गाल धरून बसलेला. पुढचा दात गेलेला. "तू अजून दातच बनवतेस?" म्हणाला. मी म्हटलं, "तू अजून पाडूनच घेतोस?" दोघंही हसलो आणि तिथेच घात झाला. तो दात मीच केला. रंग जुळेना म्हणून पुन्हा पुन्हा केला. खरं तर पहिल्याच वेळी जुळला होता.

तो कोल्ड स्टोरेजवर रात्रपाळीचा पहारेकरी आहे. सकाळी येतो, मागच्या खोलीत झोपतो. मी पुढच्या खोलीत साचे, मेण आणि लोकांचे दात घेऊन बसते, दुपारी तयार कवळ्या घेऊन दवाखान्यांची फेरी मारते. मी झोपते तेव्हा तो घरात नसतो. या एकाच गोष्टीच्या भरवशावर मी हो म्हटलंय.

८ सप्टेंबर

दादाला सांगितलं. तो शाळेची बस चालवतो. सकाळी मुलांना सोडलं की शाळा सुटेपर्यंत मोकळा, मग इकडे डोकावतो. माझ्या ऑपरेशनपासून घराची एक किल्ली त्याच्याकडेच असते. वाटलं होतं आकांडतांडव करेल. काही नाही. चहा संपवला, कप ठेवला आणि म्हणाला, "गळा दाखव."

दाखवला. गळ्यावर काहीच नव्हतं. तरी बराच वेळ बघत राहिला.

अकरा वर्षांपूर्वी पलटण सुट्टीवर आला होता. झोपेत त्याने माझा गळा धरला. डोळे उघडे होते, पण त्याला मी दिसत नव्हते, दुसरंच कुणीतरी दिसत होतं. टेबलावरचा दिवा पडून फुटला तेव्हा कुठे हात सुटले. दादा येऊन मला घेऊन गेला. आठवडाभर घास गिळता आला नाही. पलटण मला न्यायला आला नाही, आणि सगळ्या कागदांवर निमूटपणे सही केली. मला त्याच्या हातांपेक्षा त्या सह्यांचा राग जास्त आला होता.

११ सप्टेंबर

फेरीवरून आले तर घराचं दार सताड उघडं! लॅच मी स्वतः ओढून घेतलं होतं. मागच्या खोलीत तो भिंतीकडे तोंड करून पडलेला. हाक मारली नाही. झोपेतून त्याला उठवायची माझी छाती नाही.

१२ सप्टेंबर

विचारलं. "मीच असेन," म्हणाला. छावणीतही झोपेत चालायचा म्हणे, सोबत्यांनी सांगितलं होतं. हे आत्ता सांगतोय!

१५ सप्टेंबर

फेरीवरून आले तर साचे फोडलेले. सगळेच्या सगळे. फरशीवर पांढरा चुरा आणि त्यात दात विखुरलेले, घरभर कुणीतरी हसत फिरून गेल्यासारखे. माझी वितळलेल्या मेणाची वाटीसुद्धा उपडी केलेली. मी दारातच बसले.

तो उठून आला. बघितलं. केरसुणी आणली, मग ती ठेवून दिली आणि गुडघ्यांवर बसून एकेक दात वेचून तळहातावर ठेवत गेला. मला वाटत होतं आता मान वर करून बघेल आणि डोळे त्या वेळेसारखे असतील. नव्हते. लाल होते, रात्रपाळीने.

१६ सप्टेंबर

कामावरून येताना कडी विकत घेऊन आला. माझाच स्क्रूड्रायव्हर मागितला आणि मागच्या खोलीच्या दाराला बसवली. बाहेरून.

"मी आत गेलो की लावत जा."

मी म्हटलं, माणसाला असं कोंडतात का? तर म्हणाला, माणसाला वाचवायला कोंडतात. दार बंद झाल्यावर कडी सरकवली. आतून आवाज आला, "नीट लागली का?" मी "हो" म्हटलं.

हा आमचा संसार!

१९ सप्टेंबर

चार दिवस सगळं शांत. कडी लावते, मगच बाहेर पडते. संध्याकाळी तो कामावर जायच्या आधी एकत्र जेवतो. आज डॉक्टरीणबाईंची नक्कल करून दाखवली तर ठसका लागेपर्यंत हसला. मग माझ्या केसांत अडकलेला मेणाचा तुकडा काढायला हात पुढे केला आणि मी एकदम मागे सरले. त्याने हात खिशात घातला.

मला तो हात हवा होता. लिहून टाकते, इथे कोण वाचायला बसलंय.

२१ सप्टेंबर

नको होतं हे बघायला. नको होतं.

दुपारी आले. मागच्या खोलीची कडी उघडी. दार अर्धवट लोटलेलं. तो आत आडवा. आणि माझ्या उशीवर माझा निळा स्कार्फ, गोल करून गाठ मारलेला. गळ्याएवढा गोल.

जिन्यात पळाले. किती वेळ कठडा धरून उभी होते कोण जाणे. परत आले ती चपला पायात ठेवूनच, आणि लांबूनच म्हटलं की तू जा. तो उठून बसला. स्कार्फ बघितला, मला बघितलं. "बरं," म्हणाला. आजची पाळी करून उद्या बॅग न्यायला येतो म्हणाला.

दादाला फोन केला. तो म्हणाला, सुटलीस. मला सुटल्यासारखं काही वाटत नाहीये.

२२ सप्टेंबर

बॅग न्यायला आला. मी स्टुलावर बसून त्या कडीकडे बघत होते, सकाळपासून. तो शर्टांच्या घड्या घालत होता. आणि एकदम डोक्यात उजेड पडला. कडी बाहेर आहे. तो आत होता. मग उघडली कुणी?

मी खोलीत गेले आणि त्याला म्हटलं, बाहेर जा, मला कोंड. नाही म्हणाला. मी ओरडले तेव्हा त्याने दार ओढलं. कडी सरकल्याचा आवाज आला.

ढकललं, हलवलं. मेण कापायची सुरी फटीतून घालून बघितली, चौकटीची पट्टी आडवी येते, पातं पोचतच नाही. शक्यच नाही! मी म्हटलं, "उघड आता." बाहेर शांत. पुन्हा म्हटलं. काही नाही. मी स्वतःच्या पायांनी आत आले, स्वतःच्या तोंडाने कोंड म्हटलं, आणि दाराच्या त्या बाजूला हा आहे. सुरी घट्ट धरली. त्याच्यासाठी धरली, खोटं कशाला लिहू.

मग अगदी दाराजवळून आवाज आला, "जरा मागे सरक. दार लागेल तुला."

बाहेर आले आणि बॅग उघडून त्याचे शर्ट पुन्हा खुंटीला लावले. घराच्या किल्ल्या तीन. एक माझ्याकडे, एक याच्याकडे. तिसरी कुणाकडे, ते इथे लिहायलाही हात उचलत नाही.

२४ सप्टेंबर

पिशवी घेऊन नेहमीसारखी निघाले आणि वरच्या मजल्याच्या जिन्यात जाऊन बसले. खाली बस थांबली. पावलं तर लहानपणापासून ओळखीची. किल्ली फिरली. मी मागोमाग आत गेले.

दादा मागच्या खोलीच्या दारापाशी होता. हात कडीवर. मला बघून दचकलासुद्धा नाही, नुसता थकल्यासारखा स्टुलावर बसला. मी वाटेल ते बोलले. तू माझे साचे फोडलेस, माझ्या उशीवर फास ठेवलास, सख्खा भाऊ ना तू? त्याने सगळं ऐकून घेतलं. तो म्हणाला, त्या दिवशी कडी बंद दिसली तेव्हा वाटलं, उघडून ठेवली की हा बाहेर पडला होता असं तुला वाटेल. इतकंच डोक्यात आलं.

मग म्हणाला, "त्या वेळी तू आरशात बघायची नाहीस. तुझ्या गळ्यावरचे वळ मी बघायचो. रोज. तू विसरलीस म्हणून मी कसा विसरू?"

रडला. मीही रडले. किल्ली मागून घेतली, चहा दिला. शाळा सुटायची वेळ झाली तसा तोंड धुऊन बस घेऊन गेला.

मला त्याची दया येतेय आणि रागही. पण भीती गेली! पार गेली! पलटणने काहीही केलेलं नाही. इतके दिवस या घरात झोपला आणि केसालाही धक्का लागला नाही. दादा बोलत होता तेव्हा खोलीतून हूं की चूं ऐकू आलं नाही, इतका गाढ! उद्या कामावरून आला की निवांत सांगते. कडी मी आजच काढून टाकणार.

२५ सप्टेंबर

सांगितलं. त्याला आनंद झाला नाही. दादा येतो ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं म्हणाला. सगळं ऐकू यायचं. तो जागाच असायचा.

या घरात तो एकदाही झोपलेला नाही. कामावर खुर्चीत डुलक्या काढायच्या आणि इथे भिंतीकडे तोंड करून नुसतं पडून राहायचं. "तुझ्या घरात डोळा लागायची भीती वाटते. आपणहून निघून जायला जमेना. वाटलं, तू हाकललंस तर सुटेन."

म्हणजे झोपेत तो काय करेल ते मला अजून कळलेलंच नाही. अकरा वर्षांपूर्वी जिथे होते तिथेच आहे.

मी म्हटलं, झोप. मी इथे बसते. नको नको म्हणत होता. मग बोलता बोलता शब्द अडखळले आणि डोळे मिटले. आता घोरतोय.

दाराला कडी नाही. त्याच्यापासून हातभर अंतरावर बसून लिहितेय. आत्ता त्याची बोटं हलली. मूठ वळली.

मी उठले नाही.