वाचले व मंजूर

१० फेब्रुवारी, सोमवार
आजपासून रोजनिशी. जबाबदारीच्या पदावरच्या माणसाने नोंदी ठेवलेल्या बऱ्या.
सकाळी मालक मेहुलभाईंनी सगळ्या स्टाफसमोर, म्हणजे जागृतीसमोर, सांगितलं की यापुढे प्रूफचं सगळं एकनाथभाई बघतील. म्हणजे मी प्रॉडक्शन हेड झालो. 'हेड' हा शब्द त्यांनी वापरला नाही, पण सूर तोच होता.
कारण: तारापूर एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीचं काम मिळालंय. सेफ्टी वीकसाठी चाळीस बोर्ड. आमच्या बोईसरच्या दुकानाने आजवर वाढदिवसाचे फ्लेक्स आणि केळव्याच्या रिसॉर्टच्या जाहिराती छापल्या. हे काम वेगळं आहे. यात कुणाचाच फोटो नाही.
घरी पालघरला आल्यावर बायकोला, सुलूला सांगितलं. बरं म्हणाली आणि वाल सोलायला पुढे ठेवले.

१२ फेब्रुवारी
कंपनीत मीटिंग. सेफ्टी ऑफिसर अर्चना मॅडम. त्यांच्या दोन अटी. एक, वापराल त्या प्रत्येक फॉन्टचं लायसन्स दाखवा. दोन, छापण्याआधी प्रूफ माणसाने पूर्ण वाचून सही करायची. म्हटलं, मॅडम, आमच्याकडे हे पहिल्यापासूनच आहे.
परत आल्यावर फॉन्टचं लायसन्स म्हणजे काय ते जागृतीला विचारलं. ती आमच्याकडे कम्प्युटर आणि प्रिंटिंग मशीन दोन्ही बघते. म्हणाली, अक्षराचं वळण कुणीतरी बसून काढलेलं असतं, धंद्यात वापरायचं तर त्याची परवानगी लागते. आपल्याकडचे बरेचसे फॉन्ट पेन ड्राइव्हवरून आलेत.
म्हटलं, पेन ड्राइव्ह विकत घेतलेला आहे.
ती मान हलवून मशीनकडे गेली. पटलं असावं.

१३ फेब्रुवारी
प्रश्न खरं तर एकाच फॉन्टचा आहे. कोकणतारा बोल्ड. चौदा वर्षं माझ्या हातचं प्रत्येक काम त्यात आहे. बारसं असो नाहीतर श्रद्धांजली, अक्षर तेच. शिरगावपासून बोईसरपर्यंत लोक ते माझंच अक्षर समजतात. मीही त्यांना कधी दुरुस्त केलं नाही.
फॉन्ट बनवणाऱ्यांचा नंबर शोधला. मेसेज केला: आपला फॉन्ट आम्ही चौदा वर्षे वापरत आहोत, हरकत असल्यास कळवावे.
वाचल्याच्या दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही. म्हणजे हरकत नाही.

१५ फेब्रुवारी
लायसन्स तयार केलं. ए-फोर, जाड कागद, सोनेरी बॉर्डर. मजकूर अर्थातच कोकणतारा बोल्डमध्ये. अर्चना मॅडमना पाठवलं.
अर्ध्या तासात फोन. हे दिलं कोणी? म्हटलं, खाली सही आहे. म्हणाल्या, सही तुमचीच आहे. म्हटलं, बरोबर ओळखलीत.
पुढे फोन कट झाला. रेंज नसावी.

१७ फेब्रुवारी, सोमवार
मेहुलभाई चिडले. म्हणाले, एकनाथभाई, आपण चोरीचा माल वापरतो असं त्या बाईला तुम्ही लेखी दिलंत, वर बॉर्डरपण लावली. काम जाता जाता राहिलं.
अशा वेळी नेतृत्व लागतं. मी परिपत्रक क्रमांक १ काढलं: सर्व कम्प्युटरवरून बिनपरवाना फॉन्ट तात्काळ काढावेत. जागृतीने जेवणाच्या सुट्टीआधी तिचा आणि मशीनचा कम्प्युटर साफ करून टाकला. कुणालाही मोफत वापरायची परवानगी असलेले चांगले मराठी फॉन्टही तिने शोधून ठेवले. माझ्यामुळे दुकानाला शिस्त लागतेय.
माझ्या कम्प्युटरला तिला हात लावू दिला नाही. हेडचा कम्प्युटर म्हणजे रेकॉर्ड. रेकॉर्ड नष्ट करता येत नाही.

२० फेब्रुवारी
परिपत्रक क्रमांक २. प्रूफ तीनदा वाचलं जाईल: पहिलं वाचन, दुसरं वाचन, अंतिम वाचन. तिन्ही वाचनं मी करीन. नियम चार: इतर कोणीही प्रूफ वाचू नये, गोंधळ होतो.
सहीऐवजी शिक्का बनवून घेतला. 'वाचले व मंजूर'. आज आला. जागृती म्हणाली, यात मंजूरचा 'जू' ऱ्हस्व पडलाय. म्हटलं, शिक्का आहे तो, निबंध नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार
बोर्ड डिझाइन केला. सायरन वाजला तर काय करावं, अशा पाच सूचना. पाचवी: 'सायरन वाजल्यास वाऱ्याच्या दिशेने जाणे टाळावे.' अर्चना मॅडमनी समजावलं होतं, गळती झाली की वायू वाऱ्याबरोबर वाहतो, माणूसही तिकडेच पळाला तर सापडतो. जबाबदारीचं काम आहे. अक्षर भारदस्त हवं.
मोफतवाले फॉन्ट लावून पाहिले. उपाशी दिसतात. विचारांती कोकणतारा बोल्ड लावला. बोर्ड खांबावर चढल्यावर त्याला लायसन्स कोण विचारतो?
फाइल पाठवताना जागृती म्हणाली, जुना फॉन्ट नाही ना लावलात? मशीनच्या कम्प्युटरवर तो आता नाही, ते आपल्या मनाने दुसरं अक्षर घेईल. निदान कर्व्ह करून पाठवा, म्हणजे अक्षराचं चित्र होतं, मग बदलत नाही.
म्हटलं, चित्र करायला मी रांगोळी काढतोय का?

२७ फेब्रुवारी
प्रूफ आलं. अक्षर नेहमीपेक्षा जाड आणि ऐसपैस दिसलं. मोठ्या मशीनवर कोकणतारा खुलतो, हे चौदा वर्षांत लक्षात आलं नव्हतं.
पहिलं वाचन, शिक्का. दुसरं वाचन, शिक्का. अंतिम वाचन, शिक्का. एकूण दोन मिनिटं, त्यात शाई सुकायचा वेळ धरला. अनुभव असला की नजर एकदम पानावरून फिरते.
जागृती म्हणाली, मी एकदा वाचू का? नियम चार दाखवला.

१ मार्च, शनिवार
चाळीस बोर्ड लागले. गेटजवळच्या बोर्डापाशी उभं राहून फोटो काढून घेतला. सगळ्या ग्रुपवर टाकला. बावीस अंगठे आले. बोर्डवर काय लिहिलंय हे कुणी विचारलं नाही. मांडणी इतकी सोपी असली की विचारावं लागत नाही.

४ मार्च, मंगळवार
सेफ्टी वीक सुरू. अकरा वाजता कंपनीत मॉक ड्रिल. मला बोलावणं नव्हतं. विसरले असतील.

५ मार्च
बोलावणं आलं.
काल त्यांनी सायरन वाजवला, रंगीत धूर सोडला. सगळे कामगार नेहमीच्या जागी जमले. साखरबाई म्हणून सफाईला एक बाई आहेत, घिवलीच्या. त्या तेवढ्या एकट्या उलट्या बाजूला पळाल्या, धूर जात होता तिकडे. धुरात काही दिसेना, गटारात पडल्या. घोट्याचं हाड मोडलं.
तिकडे का गेलात म्हणून विचारल्यावर त्यांनी बोर्ड दाखवला.
बोर्डवर लिहिलंय: 'सायरन वाजल्यास वाऱ्याच्या दिशेने जाणे.'
'टाळावे' नाही. अक्षर रुंद झालं, शेवटचा शब्द चौकटीत मावला नाही, गेला. चाळीसही बोर्डांवर.
अर्चना मॅडमना म्हटलं, बोर्ड वाचून पळतं कोण? म्हणाल्या, वाचावा म्हणूनच लावला होता.

६ मार्च
खुलासा लिहिला. अकरा मुद्दे. मशीनचा दोष, फॉन्ट काढण्याची घाई, चौकटीची रुंदी, मराठी भाषेची क्रियापद शेवटी टाकण्याची सवय वगैरे. मेहुलभाईंनी पहिलं पान वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.
अर्चना मॅडमनी फोनवर एवढंच विचारलं, खरा वायू असता तर?
अकरा मुद्द्यांत यावर मुद्दा नव्हता.

७ मार्च, शुक्रवार
जागृतीने प्रूफ टेबलावर आणून ठेवलं. त्यातही 'टाळावे' नाही. वर तीन शिक्के, तिन्ही सरळ आणि एका ओळीत.
तिला म्हटलं, तू सांगायचंस. म्हणाली, विचारलं होतं, वाचू का म्हणून.
नवे बोर्ड तिने केले, तिनेच वाचले, मग मेहुलभाईंना मोठ्याने वाचायला लावले. उद्या लागतील. कोकणतारा बोल्ड माझ्या कम्प्युटरवरून मेहुलभाईंनी स्वतः काढला. मी बघत नव्हतो.
अर्चना मॅडमचं म्हणणं, दुकानाचा लेखी माफीनामा चालेल, पण आधी बाईंना भेटून या.

९ मार्च, रविवार
घिवलीला गेलो. माफीनामा खिशात होता. दोन पानं. 'तांत्रिक' हा शब्द सहा वेळा.
साखरबाई ओट्यावर बसल्या होत्या, पाय प्लास्टरमध्ये. मला कंपनीचा माणूस समजल्या. सुनेला चहा ठेवायला सांगितला.
मी विचारायच्या आधी त्यांनीच सांगायला सुरुवात केली. गेल्या वर्षी गावच्या शाळेत मोठ्या माणसांचा वर्ग निघाला, सुनेने नाव घातलं. तेव्हापासून दिसेल ते वाचतात. एसटीची पाटी, बिस्किटाचा पुडा. कंपनीत बोर्ड लागला तेव्हा दोन दिवस डब्याच्या सुट्टीत उभं राहून अक्षर जुळवत पाचही ओळी वाचल्या. म्हणाल्या, सायरन झाला तवा सगली नेहमीच्या जागेला पलाली. मी म्हटलं, यांनी वाचला नसंल. मी वाचलाय.
मग हसल्या. म्हणाल्या, पन माजाच चुकला. आमी नवीन. एकादा अक्षर सुटला असंल माज्याकडून. सगली हसली मला. आता नाय वाचत मी काय.
खिशातला कागद काढला. पहिली ओळ होती, 'तांत्रिक कारणास्तव'. परत घडी घातली.
म्हटलं, बाई, तुमच्याकडून काही सुटलं नाही. होतं तेवढं सगळं तुम्ही बरोबर वाचलंत. शेवटचा शब्द बोर्डवर नव्हताच. छापायच्या आधी तो कागद माझ्याकडे आला होता, वाचायला. मी वाचला नाही.
हे वाक्य मला लिहूनही कुठे सापडलं नव्हतं. बोलताना आलं.
त्या माझ्याकडे बघत राहिल्या. रागाने नाही. मग जरा पुढे वाकून, सुनेला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाल्या, वाचता येत नाय काय तुमाला? लाजू नको. शालेत वर्ग हाय. तुज्यावानी मोठी मानसा पन येतात. मंगलवार आनि शुक्रवार.
चहा आला. मी वेळ विचारून घेतली.