दाराजवळची पट्टी

गुरुवार, संध्याकाळ. आर्णी

कशातच मन लागून नाही राह्यलं. उद्या त्या शाळेतला शेवटचा दिवस. आम्हा डी.एड.वाल्यांना तिथं शिकवायले पाठवलं तवा वाटलं होतं, कवा संपते हे.

आज तिसरीच्या वर्गात प्रिया पुन्हा दाराजवळच्या पट्टीवर जाऊन बसली. ज्यांना अक्षरं जमत नाहीत त्यांची ती बसायची पट्टी. वाचता आलं की उठून फळ्याजवळ बसायचं. प्रिया तर दिवाळीपासून अख्खी गोष्ट वाचते, अन् आज साध्या 'कमळ'वर अडली. मागून अजून दोघं येऊन बसले, तेही गोष्ट वाचणारेच. मी चिडलीच.

मधल्या सुट्टीत खिचडी वाढता वाढता तिले विचारलं, "काहून करून राह्यली असं?"

ताटातच पाहत म्हणे, "तुमीच म्हणलं होतं ना मॅडम. ही पट्टी रिकामी झाली का तुमचं काम संपलं."

म्हटलं होतं खरं. पहिल्याच आठवड्यात, सहज. पोरांना वाचायची घाई लागावी म्हणून.

शाळा सुटल्यावर मोठे सर म्हणाले, "आता ती पट्टी गुंडाळून ठेवा मॅडम, झाले सगळे वाचणारे." अर्धी गुंडाळली. मग पुन्हा अंथरली, कोपरे पण सरळ केले. कायले?

उद्या प्रिया तिथंच बसेल. तिले ऊठ म्हणायचं मलेच आहे, अन् मी तिची जागा करून आली.