सुकलालच्या छातीतली पंगत

९ ऑगस्ट १९९९, सोमवार

लूम चालू आणि सुकलाल खाली बसलेला! माझा मुलगा भाकरीसुद्धा उभ्याने खाणारा. तो बसला तेव्हाच श्रीपतला कळलं. श्रीपत आमच्या गावचा, खात्यात, म्हणजे कापडाच्या लूमच्या कारखान्यात, बदलीवर असतो – कोणी रजेवर गेलं की त्याच्या लूमवर उभा राहतो. त्यानेच रिक्षात घातलं, वाटेत घरून मला घेतलं. रिक्षात हा मला म्हणतो, "काही नही माय, ॲसिडिटी शे." शर्ट घामाने पिळून निघेल असा, आणि ॲसिडिटी! आधी जिरासोडा पिऊन आला होता म्हणे.

डॉक्टरांनी छातीला वायरी लावल्या. हार्ट ॲटॅक. अजून पंचेचाळीशी नाही.

मला अक्षर येत नाही. मी बोलते, अनुसया लिहिते. सुकलालची बायको, सातवी शिकलेली. नवरा आत, ही बाहेर रडत बसते. हात गुंतला की डोळे जरा गप्प राहतात, म्हणून लिहायला लावलं. हेही लिहिलंस? बरं.

१० ऑगस्ट

आज बोलवत नाही. एवढंच लिही – श्वास चालू आहे.

१२ ऑगस्ट

डॉक्टर गुजराती, पण मराठी समजतो. मी म्हटलं, पोराच्या छातीत काय अडकलं ते सांग, मी काही पळून जात नाही. म्हणाला, "माजी, लोकांना वाटतं नळीत कचरा साचतो. तसं नाही. नळीच्या भिंतीलाच सूज येते."

भिंतीत चरबी मुरते. मग रक्तातल्या पांढऱ्या पेशी – ज्या एरवी जंतू मारतात, आपल्याच घरच्या – ती खायला आत शिरतात. खाऊन खाऊन फुगतात. बाहेर निघता येत नाही. वर पातळ साय. साय फाटली की तिथं रक्त गोठतं आणि वाट बंद.

मी म्हटलं, अरे, हे तर आमचे कानबाईचे रोट! त्याला काय माहीत? सांगितलं – श्रावणात कानबाई देवी घरी बसते, तेव्हा घरातल्या पुरुषांच्या नावाने मुठी-मुठी गहू दळायचे, त्याचे रोट करायचे. ते भाऊबंदांनीच खायचे. बाहेरच्याला द्यायचे नाहीत, टाकायचे नाहीत, पुनवेच्या आत संपवायचे. मग दीर-पुतणे पोट फुटेस्तोवर खात बसतात, कोणी उठेना.

डॉक्टर हसला. "पण माजी, तुमचे भाऊबंद शेवटी घरी जातात. हे तिथंच मरतात, आणि मरता मरता आणखी चौघांना हाक मारतात."

"मग अगदी आमचेच भाऊबंद!"

अनुसयासुद्धा हसली. सोमवारपासून पहिल्यांदा.

मग विचारलं, सूज उतरेल का? म्हणाला, गोळ्या, तंबाखू बंद, आराम. दोन-तीन महिने लूमचं नाव नको. अशा सुजलेल्या जागा आणखी असणार. "दुसरी साय फाटली तर –"  पुढचं बोल, असं मी म्हटलं नाही.

१४ ऑगस्ट

श्रीपत केळी घेऊन आला. "दादा, काळजी नको, तुमचे लूम मी सांभाळतोय."

मी म्हटलं, "हो रे बाबा, मांजर दूध सांभाळतं तसं."

पोरगं लाल झालं. केळी ठेवून गेलं. वाईट नाही तो. त्यालाही घरी दोन लेकरं.

१६ ऑगस्ट

घरी आणला. आल्या आल्या पहिला प्रश्न – "शेठ काय म्हणतो?" आई कशी आहे हे नाही!

शेठचा निरोप अनुसयाला कळला होता, तिने सांगून टाकला. राखीपर्यंत वाट बघणार. नाही आला तर लूम बदलीवाल्याचे. राखी म्हणजे पुनव – पुढच्या आठवड्यातला गुरुवार.

सुकलाल भिंतीकडे तोंड करून झोपला. झोपला कसला, जागाच होता.

२० ऑगस्ट

पाय मोकळे करून येतो म्हणून गेला. मी दारात. उधन्याच्या या गल्लीत पाय किती मोकळे होणार? उशिरा आला. म्हटलं, हात दाखव. लहानपणी माती खाल्ली की दाखवायचा, तसा हात मागे लपवला!

बोटांना काळं तेल.

"श्रीपत जेवेपर्यंत उभा राहिलो फक्त, माय."

"आणि छाती?"

बोटं शर्टाला पुसली. मग हळूच – "एक गोळी जिभेखाली ठेवली."

अनुसयाच्या हातातलं ताट खाली पडलं. तो तिच्यावर ओरडला – "मन्हा लूम गेले तर खाशीन काय?" ओरडता ओरडता छातीवर हात गेला. आम्ही दोघी त्या हाताकडेच बघत राहिलो.

हे माझ्याकडून येतं त्याला. उपाशी राहीन पण कोणाला जागा देणार नाही.

२२ ऑगस्ट, रविवार

कानबाई बसली. सुकलालच्या नावाचे गहू मी माझ्या मुठीने घेतले, मूठ जरा मोठीच भरली. बघ म्हटलं कानबाई, मोजत बसू नकोस.

त्याला तूप नाही. त्याच्या वाट्याचा रोट मी खाल्ला. सुकलाल म्हणतो, "माय, तुझ्या नळ्यांचं काय?"

"माझ्या नळ्या गावच्या विहिरीच्या पाण्यावर वाढलेल्या. त्यांना काय होतंय!"

हसला. त्याच्या नखांत अजून ते तेल होतं.

२३ ऑगस्ट

कानबाईला निरोप दिला. सगळे वाजतगाजत गेले, मी पाय दुखतात सांगून घरी राहिले. सुकलाल झोपून होता. अनुसया परत आली तेव्हा तिला म्हणाला – मी पांघरुणात, तरी कान उघडे – "गुरुवारी जातो. डबा भर. मायला सांगू नको."

 ती नाही म्हणाली नाही.

आज लिहिताना तू माझ्याकडे बघत नाहीस, अनुसया. मी रागावले नाही. मी तुझ्या जागी असते तर डबा भरला असता. मी त्याच्या आईच्या जागी आहे.

२४ ऑगस्ट

सकाळी देवळात जाते म्हणून शेठकडे गेले होते. सुकलालचे लूम श्रीपतला देऊन आले. शेठ दोनदा म्हणाला, "माजी, बाद में मत बोलना." म्हटलं, नाही बोलणार. सुकलालला अजून माहीत नाही. तुला आत्ता कळलं.

थांबलीस का? लिही.