अण्णा, त्या गोळ्यांना तुम्ही नाही म्हणालात

प्रिय अण्णा,

आज तुमच्या दवाखान्याच्या किल्ल्या मालकाला परत दिल्या. तिथं आता मोठं कॉम्प्लेक्स होणार आहे. घरी आले, आणि तुमच्याशी बोलल्याशिवाय राहवेना.

मलेरियाची औषधं तुम्हाला काय नवी होती? दुष्काळात चिकलठाण्यात वस्त्या वाढत होत्या, नळाला पाणी नव्हतं. घराघरांत पाणी साठवायचे, त्यात डास व्हायचे. तापाचे पेशंट तुमच्या दाराशी बसून असायचे. कितीजणांना बरं केलंत!

मग करोना आला, आणि मलेरियाची गोळी त्याच्यावरही चालते असं जो तो सांगू लागला. शेजारचे दिलीपकाका फाटकातूनच म्हणाले, "डॉक्टर, लिहून द्या की! सगळं शहर खातंय."

"आधी ईसीजी काढू, दिलीपराव. या गोळीनं काहींच्या हृदयाचे ठोके बिघडतात. अन् करोनावर ती चालते का, ते अजून कुणालाच नक्की माहीत नाय."

"तुम्हालाबी माहीत नाय? मग डॉक्टर कशाला झालात?"

किती लागलं होतं तुम्हाला ते! जेवला नव्हतात.

काकांनी गोळ्या दुसरीकडून मिळवल्या, जोडीला आणखी एक औषध घेतलं आणि अंगणातच कोसळले. धावलं कोण? तुम्हीच. हॉस्पिटलात ठोके बिघडलेले दिसले. गोळ्या बंद केल्या, काका वाचले.

पुढं तुम्हाला ताप आला, करोनाच निघाला. कुठून आला, कोण सांगणार? मागच्या खोलीच्या बंद दाराशी बसून मी रडत होते. "अण्णा, मी गोळ्या आणते. घ्या ना!"

"प्रज्ञा, माझं हृदय आधीच अधू. पेशंट म्हणून बघ माझ्याकडं, बाप म्हणून नको."

"मला बापच पाहिजे!"

 आतून म्हणालात, "मलाबी वाटतं गं, घ्यावी. लई भीती वाटते. पण आपल्याला भीती वाटते म्हणून औषध द्यायचं नसतं."

असं का बोललात अण्णा? भीती वाटते हे सांगायला नको होतं. ते अजून ऐकू येतं मला.

नंतर हजारो पेशंटांवर मोठ्या चाचण्या झाल्या. करोनावर त्या गोळीचा उपयोग नाही, असंच निघालं. म्हणजे तुमचंच बरोबर होतं. मग माझा राग का जात नाही? बरोबर असूनही तुम्ही गेलात, त्याचं मी काय करू?

आत्ता आईनं स्वयंपाकघरातून विचारलं, "त्या गोळ्या दिल्या असत्या तर राहिले असते का गं?" इतक्या वर्षांत पहिल्यांदाच विचारलं तिनं.

हे पत्र ठेवून तिच्याकडं जातेय. नाही, गोळ्यांनी काही झालं नसतं, असं सांगेन. "मग कशानं राहिले असते?" असं तिनं विचारलं, तर खोटा दिलासा देणार नाही. मला माहीत नाही म्हणेन, आणि तिला जवळ घेईन. एवढा शब्द देते, अण्णा.

तुमची,
प्रज्ञा